हेडचे आणि टेलचे

पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, निघणारा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जालना हे जिल्हे ओलांडून तो परभणी जिल्ह्यात शिरतो आणि पाथरी, मानवत, परभणी या तालुक्यांतल्या काळ्या रानांना पाणी पाजत शेवटाला लागतो. कालव्यातून वितरिका निघतात, वितरिकेतून लघुवितरिका, तिच्यातून शेतचाऱ्या. यांतल्या प्रत्येकीला एक तोंड असते आणि एक शेवट. तोंडाशी जमीन असलेला तो हेडचा शेतकरी, शेवटाला असलेला तो टेलचा. लाभक्षेत्रात हे दोन शब्द इतके मुरले आहेत की शाळेची पायरी न चढलेला म्हाताराही स्वतःची ओळख ‘आपण टेलचे’ अशीच करून देतो.

हेडच्या शेतकऱ्याच्या बांधावर पाणी आधी येते आणि भरपूर येते. कालवा पाझरत असल्याने त्याच्या विहिरीलाही पाणी असते. टेलच्या शेतकऱ्यापर्यंत आवर्तनाचे पाणी कधी उशिरा पोहोचते, कधी अर्धवट, तर कधी पोहोचतच नाही. दोघे एकाच गावचे असतात. कधी एकाच भावकीतले असतात, हरभरा एकाच बाजारात विकणारे असतात. तरी पाळी सुरू झाली की दोघांत ठिणगी पडते. गावात याचे खापर माणसांच्या स्वभावावर फुटते: अमका आडमुठा, तमका आपमतलबी. संघटनांमधल्या माणसांच्या वागणुकीचा अभ्यास करणारे शास्त्र मात्र आधी जागा बघते. हेडच्या आणि टेलच्या शेतकऱ्यांनी आपसात जमिनी बदलल्या, तर पुढच्या हंगामात बहुधा तक्रारींचीही अदलाबदल होईल.

ही दृष्टी रुजवण्यात कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. नाझी राजवट आल्यावर 1933 मध्ये जर्मनी सोडून तो अमेरिकेत गेला आणि 1945 मध्ये त्याने समूहगतिकीच्या, म्हणजे गटातली माणसे एकमेकांच्या प्रभावाखाली कशी वागतात याच्या, अभ्यासासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र उभे केले. त्याचे म्हणणे असे, की माणसाचे वागणे एकट्या त्याच्यातून निघत नाही. तो आणि त्याच्या भोवतीची परिस्थिती या दोहोंतून ते घडते. आणि गट म्हणजे माणसांची बेरीज नव्हे. गटातल्या एकाची स्थिती बदलली की बाकीच्यांची बदलते, हे एकमेकांत गुंतलेपण म्हणजे गट. बसथांब्यावर उभी असलेली वीस माणसे हा गट नव्हे. एका चारीवरचे वीस शेतकरी हा गट आहे, मग ते एकमेकांशी बोलत असोत वा नसोत. वरच्याने चारीचे दार रात्रभर उघडे ठेवले की त्याचा परिणाम खालच्याच्या गव्हावर होतोच.

कालव्यावरच्या या गटाला कायद्याने संघटनेचे रूप दिले ते 2005 मध्ये. ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ या नावाच्या कायद्यान्वये लाभक्षेत्रातल्या जमीनधारकांची पाणी वापर संस्था होते. जलसंपदा विभागाने एकेका शेतकऱ्याला पाणी न देता संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, ठोक पाणी द्यायचे. आत वाटप कसे करायचे, पट्टी कशी वसूल करायची, चारी कोणी साफ करायची हे संस्थेने पाहायचे, अशी ही रचना आहे. पूर्वी शेतकरी आणि सरकार असे नाते होते: पाण्याच्या मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचा आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची वाट बघायची. आता नाते शेजाऱ्याशी आले. सरकारशी भांडणे एक वेळ सोपे. उद्या सकाळी ज्याचे तोंड पाहायचे आहे त्याच्याशी भांडणे अवघड, आणि त्याच्याकडून नियम पाळून घेणे त्याहून अवघड.

गट रुळायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचा एक ठरीव क्रम असतो. ब्रूस टकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये तो चार पायऱ्यांत मांडला: गट जुळतो, मग त्यात वादळ उठते, मग रीती ठरतात, आणि त्यानंतरच तो खऱ्या अर्थाने कामाला लागतो. पाणी वापर संस्थेच्या पहिल्या सभेला सगळे येतात, हारतुरे होतात, एकमताने ठराव होतात. दुसऱ्या पायरीची चाहूल पहिल्या आवर्तनाला लागते. पट्टी भरूनही पाणी आले नाही असे टेलचे म्हणतात. चारी फुटली त्याला आम्ही काय करणार, असे हेडचे म्हणतात. राज्यातल्या अनेक संस्था याच टप्प्यावर थिजल्या आणि पुढे कागदावरच उरल्या. वादळ हे अपयशाचे लक्षण समजून सभाच बोलवायची नाही, असा मार्ग पदाधिकारी धरतात; वास्तविक सभा बोलवायची गरज तेव्हाच सर्वांत जास्त असते.

संस्थेच्या पहिल्या कसोट्यांपैकी एक अगदी साधी असते: चारीतला गाळ आणि गवत काढणे. इथे समूहगतिकीतला एक जुना शोध कामी येतो, आणि तो लावणारा माणूस योगायोगाने शेतीचाच अभियंता होता. फ्रान्समधल्या मॅक्स रिंगेलमानने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. एकटा माणूस पूर्ण जोर लावतो. माणसे वाढत गेली तसा दर माणशी जोर घटत गेला, आणि आठ जणांच्या गटात प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या ताकदीच्या सुमारे निम्म्यावर आला. हे निष्कर्ष 1913 मध्ये छापले गेले. जोर घटण्याचे एक कारण ओढीचा मेळ न बसणे हे होते. दुसरे कारण अर्धशतकाहून अधिक काळानंतरच्या प्रयोगांनी दाखवले: आपला वाटा वेगळा दिसत नाही म्हटल्यावर माणूस हात आखडतो. प्रत्येकाचे काम वेगळे मोजले जाते असे कळताच ही चालढकल जवळजवळ नाहीशी होते.

‘उद्या सगळ्यांनी श्रमदानाला या’ असा निरोप का वाया जातो, याचे उत्तर यात आहे. टेलच्या शेतकऱ्याला गाळ काढण्याची निकड असते, पण त्याने आपल्या बांधापुढची चारी कितीही लख्ख केली तरी वरच्या गवतातून पाणी येणार कुठून? हेडच्याला पाणी तसेही मिळते, मग त्याने फावडे का उचलावे? चारीची लांबी मोजून ज्याच्या त्याच्या नावावर खुणा करून दिल्या की चित्र बदलते. कोणाचा तुकडा साफ आहे आणि कोणाच्या तुकड्यात गवत माजले आहे, ते येणारे-जाणारे सगळे पाहतात. भाषणाने न झालेले काम दोन खुंट्या करून जातात.

नेतृत्वाविषयी बोलताना मराठी मनाला लगेच थोर माणूस आठवतो. लेविन आणि त्याचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी मात्र 1939 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेता कोण आहे यापेक्षा तो कसा वागतो ते पाहिले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे केली, त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली, आणि प्रौढ नेत्यांना तीन तऱ्हांनी वागायला सांगितले. एक हुकूम सोडणारा, एक मुलांशी विचारविनिमय करून ठरवणारा, एक सगळे मुलांवर सोडून देणारा. हुकमी मंडळात काम कमी झाले नाही. पण नेता खोलीबाहेर गेला की हात थांबत, आणि मुलांची चीड एखाद्या दुबळ्या सवंगड्यावर निघे. विचारविनिमयाच्या मंडळात नेता असो वा नसो, काम जवळपास त्याच गतीने चाले.

कालव्यावर नेता बहुतेक वेळ खोलीबाहेरच असतो. पाणी रात्री दोन वाजताही वाहते आणि तेव्हा चारीवर अध्यक्ष नसतो, अभियंता नसतो. बॅटरी घेतलेला एक शेतकरी आणि दाराची एक कळ एवढेच असते. धाकावर चालणाऱ्या संस्थेत त्या दाराचे काय होते, ते लाभक्षेत्रात कोणाला सांगावे लागत नाही.

पदाने नेता नसलेला एक माणूस मात्र या सगळ्यात वजन राखून असतो. तो म्हणजे पाटकरी. सरकारी उतरंडीत त्याचे स्थान खालचे असले तरी पाणी कोणत्या वितरिकेला कधी सुटणार, किती दिवस राहणार, वर कोणी मोटारी टाकल्या आहेत, हे त्याला आधी कळते. सत्तेचे उगम अनेक असतात, हे जॉन फ्रेंच आणि बर्ट्राम रेव्हन यांनी 1959 मध्ये मांडले: पद, बक्षीस देण्याची ताकद, शिक्षेचा धाक, ज्ञान आणि लोकांना वाटणारी आपुलकी. माहितीचा ताबा हा सहावा उगम रेव्हनने पुढे जोडला. पाटकऱ्याची सत्ता या सहाव्या खात्यातली. म्हणूनच आवर्तनाचे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते तेव्हा शेतकऱ्यांची सोय होतेच, शिवाय गटातली सत्तेची वाटणीही बदलते.

थोर माणसाचा प्रश्न तरीही उरतो, कारण महाराष्ट्रातल्या पाणीवाटपाच्या इतिहासात अशी माणसे झाली आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीची मांडणी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे, भूमिहीनालाही हक्क द्यायचा आणि ऊस लावायचा नाही. साळुंखे यांच्या शब्दाला वजन होते यात शंका नाही. पण त्यांच्या कामातला टिकाऊ भाग म्हणजे हे नियम. 2002 मध्ये साळुंखे गेल्यावरही पाण्याच्या प्रत्येक चर्चेत हे नियम निघतात. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर तर सुरुवातच शेवटाकडून झाली. 1990 च्या दशकाच्या आरंभी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने ओझर भागात, म्हणजे कालव्याच्या टेलला, पहिल्या संस्था उभ्या राहिल्या. ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांना संघटनेची गरज सर्वांत जास्त होती. हेडच्या गावांना संस्था कशाला हवी हे पटायला त्यानंतर बरीच वर्षे गेली.

2005 च्या कायद्याने हा धडा रचनेतच बसवला. संचालकांच्या जागा हेड, मध्य आणि टेल अशा तीन भागांत सारख्या वाटल्या आणि अध्यक्षपद तिन्ही भागांत आळीपाळीने फिरते ठेवले. नेतृत्व शिबिरांतल्या आठवडाभराच्या व्याख्यानांपेक्षा हे एक कलम अधिक काम करू शकते. ज्याला दोन पाळ्यांनंतर टेलच्या अध्यक्षापुढे अर्ज घेऊन जायचे आहे, तो आज टेलच्या अर्जावर जरा सांभाळून शेरा मारतो. मात्र त्याच कायद्यातली एक उणीव इथेच नोंदवावी लागते. सभासदत्व जमिनीच्या हक्काला बांधलेले आहे आणि सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतो. दिवसभर रानात राबणाऱ्या, पाणी धरणाऱ्या बाईचे नाव मतदार यादीत त्यामुळे सहसा नसते.

आता भांडणाकडे. सगळी भांडणे एका जातीची नसतात. कॅरेन जेन या अभ्यासिकेने 1995 मध्ये कामावरचा वाद आणि व्यक्तींमधला वाद यांत फरक केला. काम नेहमीच्या साच्यातले नसेल तर ते कसे करावे यावरचा वाद गटाला उपयोगी पडू शकतो. माणसा-माणसांतला वाद बहुतेक वेळा नुकसानच करतो. अडचण अशी, की पहिला वाद दुसऱ्यात उतरायला वेळ लागत नाही. पाळी रविवारी की सोमवारी, एवढाच मुद्दा असतो. दुसऱ्या दिवशी त्यात भावकीचा जुना बांध येतो, तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतली हार येते, आणि मग पाण्याचा प्रश्न कोणालाच आठवत नाही. वाद लहान असताना तो मांडायला जागा असणे म्हणून महत्त्वाचे ठरते.

अशी जागा वारकरी परंपरेने फार पूर्वी करून ठेवली आहे. परभणी जिल्ह्याला वारी परकी नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, आणि शेगावहून पंढरीला जाणारी गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून जाते. आळंदीच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, आणि मग ते टाळही थांबतात. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तक्रार निवारणावर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. त्यांचे सार या रीतीत आहे. तक्रार सर्वांसमोर, ठरलेल्या वेळी होते, आणि करणाऱ्याला शिस्तभंगाचा डाग लागत नाही.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी विचारवंत बाईंनी 1925 च्या एका व्याख्यानात भांडण सोडवण्याच्या तीन वाटा सांगितल्या. एकाने दुसऱ्याला दाबणे, दोघांनी थोडे थोडे सोडणे, आणि दोघांना खरोखर काय हवे आहे ते शोधून तिसरीच वाट काढणे. त्यांचे उदाहरण ग्रंथालयातले होते. एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली आणि यांच्या अंगावर थेट वारा आला नाही. कालव्यावर टेलकडून हेडकडे पाणी देत यायची पद्धत याच जातीची आहे. वरच्याला पाणी कमी मिळत नाही, फक्त नंतर मिळते, आणि सर्वांत शेवटचे रान आधी भिजते. हेडच्या माणसाला भीती पाणी संपण्याची असते. पाणी मोजून येत असेल आणि पाळीचे दिवस पक्के असतील तर ती भीती ओसरते. मापच नसेल तर शब्दावर विश्वास कोण ठेवणार? चारीच्या तोंडाशी मोजयंत्र चालू आहे की बंद, यावर गटातला सलोखा अवलंबून असतो तो असा.

नियम मोडणाऱ्याचे काय करायचे, यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे काम सर्वांत भरीव. शेतकरी-संचालित पाटांसह जगभरच्या सामाईक साधनांचा त्यांनी अभ्यास केला, 1990 मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला आणि 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. पहिल्या चुकीला दंड अगदी किरकोळ असतो आणि पुढे तो चढत जातो. राखणदार वापरणाऱ्यांनाच जबाबदार असतो. निवाडा जवळ आणि स्वस्त असतो. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या जुन्या फड पद्धतीतही पाटकरी आणि जागल्या हे लाभधारकांनीच ठेवलेले असत. पहिल्याच चुकीला पाणी बंद करणारी संस्था कडक दिसते; पण एवढी मोठी शिक्षा शेजाऱ्याला द्यायला कोणी धजत नाही, म्हणून प्रत्यक्षात तिथे शिक्षाच होत नाही.

गटाच्या आतले भांडण एक, दोन गटांमधले दुसरे. मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात बावीस मुलांचे शिबिर भरवले आणि त्यांचे दोन गट केले. आठवडाभरात स्पर्धांतून दोन्ही गट इतके पेटले की झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर छापे घालण्यापर्यंत मजल गेली. त्यांना एकत्र जेवायला बसवले तर अन्नाची फेकाफेक झाली. मग प्रयोगकर्त्यांनी शिबिराचे पाणी बंद पाडले. टाकीपासून नळापर्यंत बिघाड शोधायला दोन्ही गटांना एकत्र खपावे लागले. एका प्रसंगाने वैर मिटले नाही, पण असे प्रसंग एकामागून एक आले तेव्हा ते विरत गेले.

गोदावरीच्या खोऱ्यात जायकवाडीच्या वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली धरणे आहेत आणि तिथे हेड-टेलचे नाते जिल्ह्यांच्या मापाने उभे राहते. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. मेंढेगिरी समितीने त्याला आकडे दिले: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडायचे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये हे तत्त्व उचलून धरले. 2023 च्या हंगामात 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हाही वरच्या जिल्ह्यांत विरोध झाला आणि मराठवाड्यात पाण्यासाठी आंदोलने झाली. अशा वेळी परभणीच्या चारीवरचे हेड आणि टेल एका मंचावर बसतात. बाहेरचा प्रतिस्पर्धी गट घट्ट करतो, आणि त्या घट्टपणात आतल्या टेलची तक्रार काही काळ दबून जाते. पाणी आले की ती पुन्हा वर येते.

गोदावरी मात्र परभणीला कायम टेलला ठेवत नाही. नदी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असे तालुके करत नांदेडकडे जाते. पालम तालुक्यातल्या दिग्रस बंधाऱ्याचे पाणी खालच्या विष्णुपुरी प्रकल्पासाठी सोडण्याची मागणी नांदेडकडून येते, तेव्हा परभणीचे शेतकरी हेडचे होतात. पाणी वाटेतच मुरेल, इथल्या उभ्या पिकांचे काय, आमच्या हक्काचा साठा आम्हाला राहू द्या, असे ते सांगतात. नाशिक-नगरचे शेतकरी जायकवाडीविषयी जे बोलतात त्याहून यात वेगळे फारसे काही नसते. निर्णय झाला की बंधाऱ्यावर पोलीस बंदोबस्त लागतो, दारे उचलली जातात, आणि वाटेत कोणी पाणी उचलू नये म्हणून काठावरच्या मोटारींची वीज बंद ठेवली जाते.